ओपाची रासा

भांडणाचा निकाल आमच्या गावात मुखियाच्या ओट्यावर लागतो आणि बाकी सगळ्याचा माझ्या सासूबाईंच्या जिभेवर. त्यांचं नाव साओदा, पण त्या नावानं आता त्यांना गावातली फक्त बेदाह हाक मारते, ती त्यांच्याच वयाची आहे म्हणून. बाकीच्यांना त्या ओपा, म्हणजे आजी. तसं म्हणायला सुरुवात केली माझ्या मुलीनं, बल्किसनं. मग शेजारची पोरं म्हणू लागली, मग पोरांच्या आया, आणि आता मलेशियातल्या पेराक नदीच्या या काठावर त्यांच्याहून वयानं मोठा असलेला नावाडीसुद्धा त्यांना ओपाच म्हणतो. त्या स्वतःलाही ओपाच म्हणतात. "ओपा रासा," असं म्हणून त्या एक श्वास घेतात आणि पुढे जे काही येईल ते सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकून घ्यायचं असतं.

रासा हा शब्द आमच्याकडे घरातल्या जुन्या सुरीसारखा वापरतात. मासा त्याच सुरीनं, कांदाही त्याच सुरीनं. जिभेला चव लागते ती रासा. अंगाला थंडी वाजते ती रासा. "मला असं वाटतं," म्हणायचं असेल तरी रासा, आणि कुणाचं बोलणं मनाला लागलं तर आधी एक अक्षर जोडून पुन्हा तोच शब्द. शहरातली माणसं चव आणि मत यांत फरक करतात म्हणे. ओपांनी तो कधी केला नाही. आमटीत चिंच कमी आहे हे त्या ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात अमक्याची मुलगी त्या घरात नांदणार नाही हेही सांगतात. चिंचेच्या बाबतीत त्या कधी चुकल्या नाहीत. मुलींच्या बाबतीत मात्र दोन-तीनदा सपशेल तोंडावर पडल्या आहेत, पण ते त्यांच्यासमोर काढायचं नाही असा गावाचा अलिखित नियम आहे.

मी डोंगरापलीकडच्या केलांतान प्रांताची. आमच्याकडे मासळीच्या कालवणातही साखर पडते हे खरं आहे, नाकारत नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेनं कालवण केलं. ओपांनी एक बोट बुडवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मेक, हे जेवणात वाढायचं की जेवण झाल्यावर?" मेक हे काही माझं नाव नव्हे. आमच्या केलांतानमध्ये घरातल्या पोरींना तशी हाक मारतात. ओपांनी ती चिडवण्यासाठी उचलली आणि ती मला जन्माची चिकटली. त्या दिवसापासून सव्वीस वर्षं मी या घरात रांधते आहे, पण माझ्या जिभेला या घरात मत नव्हतं. रांधायचं मी, चाखायचं त्यांनी. मला राग यायचा का? यायचा. भांडी जोरात आपटायची माझी सवय तेव्हापासूनची आहे.

लग्नाचं जेवण इथे आचारी लावून होत नाही. आदल्या दिवशी सगळं गाव हातभार लावायला येतं. बायका मांडवाखाली बसून कांदे सोलतात, आणि त्याबरोबर ज्या आलेल्या नसतात त्यांनाही सोलतात. पुरुष परसात मोठमोठ्या कढया चढवतात आणि वल्ह्याएवढ्या लाकडी कलथ्यांनी ढवळतात. मिठाला मात्र कुणी हात लावायचा नाही. मांस निम्मं शिजलं की ओपांना बोलावणं जातं. त्या सावकाश येतात, डावा तळहात पुढे करतात, ढवळणारा त्यावर रश्शाचा एक थेंब सोडतो, त्या चाटतात, डोळे मिटतात. कांदे सोलणं थांबतं. मग त्या म्हणतात, "ओपा रासा... मीठ." मीठ त्याआधी घातलेलंच नसतं, त्यामुळे पहिला निकाल दुसरा काही लागणं शक्यच नाही. तरीही दरवेळी सगळे श्वास रोखून उभे राहतात. मग बेदाह मिठाचं भांडं घेऊन पुढे होते आणि ओपा थांब म्हणेपर्यंत ओंजळीनं घालत राहते. बेदाह कितीतरी वर्षं ते मिठाचं भांडं धरून उभी आहे. राजाच्या शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या डोळ्यांत जे असतं, ते तिच्या डोळ्यांत असतं.

बल्किस क्वालालंपूरला नोकरी करते. तिथून तिनं जावई शोधून आणला तो समुद्रापलीकडचा, सुमात्रातल्या पाडांगचा. नाव अफदल. जमिनीच्या पोटातल्या वाफेवर वीज तयार करणारा इंजिनिअर, वागायला गरीब गाय. पहिल्यांदा घरी आला तेव्हा ओपांनी विडा गालात सरकवून विचारलं, "पाडांग म्हणजे रेंडांगवालं पाडांग?"

"हो, ओपा."

ओपांनी विडा दुसऱ्या गालात सरकवला. नारळाच्या दुधात मांस आणि मसाला तासन्‌तास आटवत न्यायचा, दूध संपून तेल सुटतं, आणि शेवटी काळंभोर, कोरडं मांस उरतं, ते रेंडांग. पाडांगची माणसं म्हणतात ते आमचं. आम्ही पेराकची माणसं म्हणतो, असेल बापडं तुमचं, पण करता आम्हाला येतं.

विषय बदलावा म्हणून अफदल म्हणाला, "आमच्या गावाकडे रासाला रासो म्हणतात."

माझा नवरा शुकोर प्राथमिक शाळेत मास्तर आहे. त्याला कुठल्याही गोष्टीचं मूळ सांगायला फार आवडतं. तो खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "मुळात हा शब्द ना आपला, ना तुमचा. पूर्वी हिंदुस्थानातून गलबतं यायची, त्यांच्याबरोबर आला. तिकडे त्याचा अर्थ फळाचा रस."

"रस वाटेत सांडला असेल," ओपा म्हणाल्या. "शब्द तेवढा किनाऱ्याला लागला."

अफदल हसला. "मी शिकायला सहा महिने आइसलँडला होतो. तिथल्या भाषेतही रासा आहे."

"तिथे कसली चव घेतात? बर्फाची?"

"चव नाही, ओपा. तिथे त्याचा अर्थ अडखळणं. पुढचा-मागचा विचार न करता घाईनं पाऊल टाकायचं आणि आपटायचं."

"म्हणजे तोही शब्द गलबतातून..." शुकोरनं सुरुवात केली.

"नाही, बाबा. त्याचं आपल्याशी काही नातं नाही. नुसता सारखा दिसतो. दोन गावांत एकाच नावाची दोन माणसं असतात तसं."

ओपांनी जरा विचार केला. "एवढ्या थंडीत जीभ बधिरच होत असणार. मग बिचारे पायानं चव घेतात." अफदलला ठसका लागला, आणि त्या दिवसापासून तो ओपांचा लाडका झाला. जाताना मात्र तो दारात घुटमळला आणि म्हणाला, "लग्नाला माझी आई येईल. मावश्याही येतील. ओपा, त्या जेवणाला कधी नावं ठेवत नाहीत हं."

"चांगलं आहे की."

"आवडलं नाही तर त्या फक्त गप्प बसतात आणि पाणी पितात."

बिचाऱ्यानं धीर द्यायला म्हणून सांगितलं असेल, पण ओपांच्या डोक्यात ते जाऊन बसलं. दुसऱ्या दिवसापासून घरात रेंडांग सोडून दुसरा विषय नव्हता. कुठल्या झाडाचे नारळ, हळदीची पानं किती कोवळी, रेडा कुणाकडून घ्यायचा. नवरीच्या कपड्यांचं आम्ही दोघी मायलेकींनी कोपऱ्यात बसून ठरवलं.

लग्नाला महिना उरला असताना ओपांना ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. उठल्या त्या अगदी शांत होऊन. माझ्या हातचं मुकाट्यानं जेवायच्या, कशालाही नावं ठेवायच्या नाहीत. मला वाटलं, दुखण्यातून उठलं की माणूस मवाळ होत असेल. थोड्या दिवसांनी त्या पुन्हा नावं ठेवू लागल्या तेव्हा मला चक्क बरं वाटलं. मात्र आता ती नावं जरा घाऊक होती. भात गोड, मासा गोड, मिरचीची चटणी गोड. मी भांडी आपटली आणि पुढे कामाला लागले.

मग लग्नाचं सामान येऊन पडलं. मिठाची पोती आणि साखरेची पोती एकाच भिंतीला टेकवून ठेवली होती. बल्किसनं मदत म्हणून स्वयंपाकघरातले डबे भरून ठेवले, ते नेमके उलटे. सकाळी मी कॉफी केली, ओपांचा पेला त्यांच्यापुढे ठेवला, माझा तोंडाला लावला आणि धावत मोरीवर गेले. शुद्ध मीठ! तोंड धुऊन परत येते तर ओपांचा पेला निम्मा झालेला.

"हा तुझा केलांतानचा हात!" त्या म्हणाल्या. "अगं मेक, ही कॉफी आहे, पाक नव्हे. ओपा रासा, साखर फार झाली." आणि पेला उचलून त्यांनी उरलेली कॉफी शांतपणे संपवली.

सव्वीस वर्षांची उट्टी फेडायची संधी माझ्यासमोर बसून मिशी पुसावी तसे ओठ पुसत होती. मला हसू यायला हवं होतं. पण मला धडकीच भरली. मी परसात गेले आणि केळीच्या आड उभी राहून रडले. म्हातारीनं तापापासून एकही घास चवीनं खाल्ला नव्हता. ते कुणाला कळू नये म्हणून ती रोज अंदाजानं मला टोमणे मारत होती, आणि मी मात्र भांडी आपटत होते.

शुकोरला सांगितलं. तो बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत बसला. "दवाखान्यात नेऊ."

"लग्नानंतर. आत्ता नेलं तर गावभर होईल. आणि बेदाहला अजिबात कळता कामा नये."

बेदाह दुष्ट नाही. पण आमच्या ओपांकडे उरलं होतं काय? नवरा गेला, गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. गावात त्यांना बोलावणं येतं ते जिभेसाठी. ती गेल्याचं कळलं असतं तर लोक भेटायला आले असते, पपया आणून दिल्या असत्या, हळहळले असते, आणि पुढच्या लग्नात त्यांना पंख्याखाली खुर्चीवर बसवून ठेवलं असतं. मानानं खुर्चीवर बसणं ओपांना जिवंतपणी कबरीत बसण्यासारखं. ते मला बघवलं नसतं, हे मलाच त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी मनाशी बेत केला. स्वयंपाकाच्या दिवशी पहिलं मीठ पडलं की मसाला न्यायच्या निमित्तानं कढईपाशी जायचं, बोट बुडवायचं, आणि कमी असलं तर हळूच घालायचं. बेत चांगला होता. पण माझ्या नवऱ्याचाही एक बेत होता आणि तो त्यानं मला सांगितला नव्हता.

आदल्या दिवशी सकाळी सगळं गाव जमलं. रेंडांगच्या कढईवर शुकोर होता. गवती चहा, आलं, हळदीची पानं, सगळं पडलं, दूध उकळलं, मांस निम्मं शिजलं आणि ओपांना बोलावणं गेलं. त्या नव्या ओढणीत आल्या. तळहात पुढे केला. त्यांनी चाटलं, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले.

"ओपा रासा... मीठ."

बेदाहनं ओंजळ घातली. ओपा म्हणाल्या, "अजून." शुकोरचा कलथा थांबला. तो म्हणाला, "मा, पुरे की आता."

कांदे सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. ओपांच्या निकालावर कुणी बोललेलं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. ओपांनी त्याच्याकडे पाहिलं. "जीभ तुझी की माझी? घाल गं बेदाह." बेदाहला त्या भानगडीत एवढा आनंद झाला की तिनं एक ओंजळ वर घातली.

शुकोर कलथा दुसऱ्याच्या हातात देऊन माझ्याकडे आला. "अगं, मी पहाटेच मांसात मीठ घातलं होतं. पुरेसं. म्हटलं, आई काही का म्हणेना, चव बरोबर राहील."

"पहिल्यांदा त्या मीठच म्हणतात हे तुला माहीत नाही? जन्मभर ढवळतोयस!"

"मला वाटलं, चांगलं लागलं तर नाही म्हणणार," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्याच लक्षात आलं. मास्तर माणूस, पोरांना अक्कल शिकवतो! मी कढईपाशी गेले आणि बोट बुडवलं. समुद्राचं पाणी परवडलं असतं.

ओपा फणसाखालच्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, "ओपा, रेंडांग खारट झालंय."

"कोण म्हणतं?"

"मी."

"तुला चाखायला कुणी सांगितलं?"

"शुकोरनं पहाटेच मीठ घातलं होतं, ओपा."

"का?"

मी बाकावरची वाळकी पानं झाडू लागले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"कॉफीपासून."

"काय होतं कॉफीत?"

"मीठ."

"आणि मी काय म्हणाले?"

"साखर फार झाली म्हणालात."

ओपांनी ओढणीचं टोक तोंडावर धरलं. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. मीही हसायला लागले, आणि मग बघते तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तापात तोंडात राख भरल्यासारखं वाटायचं," त्या म्हणाल्या. "आता तीही लागत नाही गं. भात चावते, कापूस चावल्यासारखा. रोज सकाळी उठले की आधी बोट मिठात बुडवून बघते. आणि उद्या त्या पाडांगच्या बाया पाणी पितील. बल्किसच्या लग्नात पाणी पितील, मेक."

"काय खलबतं चाललीत सासू-सुनेची?" बेदाह मिठाचं भांडं काखेला लावून लांबून ओरडली. "कढई करपेल इकडे!"

ओपांनी डोळे पुसले आणि उठल्या. उठल्या ते जुन्या ओपाच होऊन. "चूल मंद करा! पोरांनो, नारळ पाडा, मिळतील तेवढे. उद्याच्या रश्शासाठी ठेवलेलं मांस आणा, सगळं. पाहुणे वाढलेत."

"किती वाढले?" बेदाहनं विचारलं.

"ते आल्यावर मोज तू."

दुपारभर धांदल उडाली. नारळ सोलले, खवले, पिळले. मांस धुऊन बिनमिठाचं कढईत पडलं. वरून दुधाच्या बादल्या ओतल्या. दुसऱ्या चुलीवर खोबरं भाजून बायका ते उखळात कुटत होत्या. रश्शात आता फक्त भाजी पडणार होती, पण त्याची कुणाला पडली नव्हती. सगळं पुन्हा उकळलं तशी बेदाह सवयीनं भांडं घेऊन पुढे झाली आणि सगळ्यांनी ओपांकडे पाहिलं. ओपा पुढे आल्या, पण त्यांनी तळहात पुढे केला नाही.

"मेक," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. हात कर."

मांडवातल्या बायकांच्या माना वर झाल्या. बेदाह म्हणाली, "साओदा, अगं केलांतानची जीभ ती! उद्या ताटात रेंडांगऐवजी हलवा वाढावा लागेल."

"जावई परका आणला, त्याची आई परकी," ओपा म्हणाल्या. "एक जीभ परकी असली तर काय बिघडलं? आणि ती केव्हा शिकणार? ओपा मेल्यावर?"

शुकोरनं माझ्या तळहातावर थेंब सोडला. चटका बसला, पण हलायची सोय नव्हती. मी चाटलं. आयुष्यभर मत मागत होते आणि आता अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"अजून खारट आहे," मी म्हणाले.

"कुठे? जिभेच्या टोकाला की गिळताना?"

"गिळताना."

"मग घाबरू नको. कुटलेलं खोबरं टाका निम्मं. वाळवलेल्या आंबट फळाच्या दोन फोडी टाका. आता आटू दे."

असं संध्याकाळपर्यंत चाललं. त्या विचारायच्या, मी सांगायची. तिखट आधी येतं की मागून? तेलकटपणा ओठाला लागतो की टाळ्याला? असे प्रश्न मला कधी कुणी विचारले नव्हते. चव म्हणजे चांगली किंवा वाईट, एवढंच मी धरून चालले होते. माझ्याच तोंडात एवढ्या खोल्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं आणि ओपा डोळे मिटून त्या एकेका खोलीत मला दिवा घेऊन पाठवत होत्या. कढईतलं मांस काळं पडत गेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "काय कमी आहे?"

मी सगळा धीर गोळा केला. "गूळ."

बेदाह खो खो हसली. बायका हसल्या. ओपांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मग नदीकडे पाहिलं. "घाल," त्या म्हणाल्या. "थोडा." शुकोरनं कलथा सोडून टाळी वाजवली आणि मार खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाडांगची मंडळी जेवायला बसली. अफदलची आई, युसनियार, ताठ पाठीची बाई. सोनेरी काठाची ओढणी, चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ. मी वाढायच्या निमित्तानं तिच्या मागेच उभी होते. तिनं भातावर रेंडांग घेतलं, घास केला, खाल्ला. गप्प. दुसरा घास. गप्पच. मावश्याही गप्प. ओपा समोरच्या चटईवर बसून तिच्या हाताकडे बघत होत्या. युसनियारचा डावा हात उठला, पाण्याच्या पेल्याकडे गेला, पेला बाजूला सारला आणि मागचं रेंडांगचं भांडं पुढे ओढलं.

"आमच्यासारखं नाही," तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण रेंडांगच आहे. कुणाची रासा?"

ओपांनी माझ्याकडे हात केला. "सुनेची. केलांतानची आहे, पण ऐकते."

बेदाह पलीकडच्या पंगतीत वाढत होती. तिनं ऐकलं हे मला तिच्या मानेवरून कळलं. जाता जाता मिठाचं भांडं तिनं माझ्याजवळ आणून ठेवलं, पण असं ठेवलं की त्यातलं थोडं माझ्या नव्या कपड्यांवर सांडेल.

पाहुणे उठले, नवरा-नवरी फोटोला गेली, मांडवातल्या चटया गुंडाळल्या जाऊ लागल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओपा जेवलेल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरामागच्या पायरीवर एकट्या बसल्या होत्या. मी ताटात भात आणि रेंडांग घेऊन गेले आणि शेजारी बसले.

"नको," त्या म्हणाल्या. "काय उपयोग? सगळ्यांनी खाल्लं, सगळे बोटं चाटत गेले. ते काय खाऊन गेले ते एकट्या मला ठाऊक नाही."

"चांगलं झालं होतं, ओपा."

"चांगलं म्हणजे काय? शाळेत पाटीवर लिहिल्यासारखं नको सांगू." मग ताट स्वतःकडे ओढून घेत त्या म्हणाल्या, "नीट सांग."

त्यांनी घास केला आणि तोंडात घातला. मी त्याच ताटातून माझा घास घेतला. कसं सांगायचं मला कळेना, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी जसं विचारलं होतं तसंच एकेक सांगायला लागले. "आधी भाजलेलं खोबरं येतं. जरा करपलेलं, पण कडू नाही. मग हळदीच्या पानाचा वास, तो नाकातून वर जातो. मांस दातांना लगेच सुटतं, पण एकेक धागा अजून धरून ठेवतं. मग मागून तिखट येतं, घशाच्या दोन्ही बाजूंनी, आणि ते जाईपर्यंत गूळ..."

ओपांनी डोळे मिटले होते. त्या फार सावकाश चावत होत्या. त्यांनी उष्टा हात वर करून मला थांबवलं.

"हळू गं," त्या म्हणाल्या. "घास अजून तोंडात आहे माझ्या."